मदत हवी आहे: घोट्याला चेन असलेली ट्रॅक पँट आखूड कशी करावी?

आदिदासची तीन पट्ट्यांची, पॉलिस्टर ट्रायकॉटची (बारीक विणीच्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाची) पँट दोन इंच लांब होतेय. खालून कापली तर चेनच कापली जाणार, म्हणून कमरेतून कमी करायचा विचार आहे: इलास्टिक उसवायचं, वरचं कापड काढायचं, परत लावायचं. अडचण खिशाची. त्याचं तोंड कमरपट्टीखाली अडीच इंचांवर सुरू होतं, म्हणजे उरणार अर्धाच इंच. तेवढ्यात शिलाई बसेल का, की खिसाही खाली सरकवावा लागेल?

साध्या मशीनची सरळ शिलाई ताणली की तटकन तुटते, म्हणून ओव्हरलॉक (कडेवर गुंडाळून बसणारी, ताण सोसणारी शिलाई) आणि ११ नंबरची बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची सुई हवीच. (टोकदार सुईने विणीचा धागा तुटून भोकं पडतात.) परभणी-नांदेडकडे खेळाचे कपडे शिवणारं कुणी हे करून देतं का? मजुरी साधारण किती?