गणपतीची बक्षिसं: पुस्तक आपण घेतलं, पण संस्थेला गेले किती?

सचिव (ए-१०१): सोसायटीच्या ग्रुपवरच्या सर्वांना नमस्कार. यंदा स्पर्धांना डबे-बाटल्या न देता पुस्तकं द्यायची, आणि तीही अशी की विक्रीचा पैसा एखाद्या सामाजिक कामाला जाईल, असं सांस्कृतिक समितीत ठरलं आहे. ६० बक्षिसं, एकूण १२,००० रुपये, म्हणजे नगाला २००. सुचवा. फॉरवर्ड नकोत, कृपया.

ए-४०३: ऑनलाइन एक दिसतंय. मलपृष्ठावर लिहिलंय, "या पुस्तकाच्या विक्रीतील वाटा वंचित मुलांच्या शिक्षणासाठी". वर २५ टक्के सूट. टाकू का ६० कार्टमध्ये?

बी-२०४: थांब रे जरा. वाटा किती, कशातला आणि कोणाला, यातलं एकही त्या ओळीत नाही. संस्थेचं नाव तरी आहे का कुठे?

ए-४०३: नाही ताई. पण छापलंय म्हणजे जात असेलच की.

बी-२०४: जात असेलही. पण किती, ते बघ. २०० रुपये छापील किंमत धर. दुकान आणि वितरक मिळून ४० टक्के घेतात, म्हणजे ८० गेले. कागद-छपाई-बांधणी साधारण ६०. अक्षरजुळणी, संपादन, मुखपृष्ठ, गोदाम यांचे २०. लेखकाचं मानधन (रॉयल्टी) १० टक्के म्हणजे २०. उरले २०, ते प्रकाशकाचे. आकडे पुस्तकागणिक पुढेमागे होतात, पण ठोकताळा हाच.

आता "लेखकाचं मानधन संस्थेला" असेल तर प्रतीमागे २० रुपये. आपल्या ६० प्रतींचे १,२०० झाले. तेही आज नाही. प्रकाशक मार्चअखेर हिशेब करतो आणि पैसे त्यानंतर काही महिन्यांनी देतो. काही करारांत मानधन छापील किमतीवर नसतं, प्रकाशकाच्या हातात पडलेल्या रकमेवर असतं. तिथे तुझ्या सवलतीबरोबर संस्थेचा वाटाही आक्रसतो.

"नफा संस्थेला" ही ओळ तर सगळ्यात पोकळ. हजार प्रतींच्या आवृत्तीवर छपाई आणि बाकीचं धरून ८०,००० आधीच अडकलेले असतात. मानधन वजा जाता प्रकाशकाकडे प्रतीमागे १०० येतात. म्हणजे आठशेव्या प्रतीपर्यंत नफा शून्य! मराठीत हजाराची आवृत्ती संपायला कधी कधी वर्षं लागतात.

डी-६०२: बाई गं. मग घ्यायचं तरी काय?

बी-२०४: वहिनी, जिथे संस्था स्वतः विक्रेती किंवा स्वतः प्रकाशक आहे तिथून घ्यायचं. प्रकाशकाकडून ४० टक्के सवलतीने घेऊन आपल्या टेबलावर छापील किमतीला विकणाऱ्या संस्थेला प्रतीमागे ८० मिळतात, ६० प्रतींचे ४,८००. संस्थेनेच छापलेलं पुस्तक थेट तिच्या कार्यालयातून घेतलं आणि लेखकाने मानधन सोडलेलं असलं, तर २०० वजा ८० म्हणजे १२०. साठांचे ७,२००. आपल्या खिशातून जाणारे १२,००० तेच.

ए-४०३: म्हणजे सूट मागायचीच नाही?

बी-२०४: संस्थेकडून घेताना तर मुळीच नाही. ती सूट तिच्याच १२० मधून जाते. हवं तर टपालखर्चही आपण उचलू.

सी-५०३: ताईंच्या हिशेबाला माझी पुस्ती. संस्था खरी आहे का ते पाच मिनिटांत बघता येतं. महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या कायद्याखाली नोंदलेला असतो, त्याचा नोंदणी क्रमांक पावतीवर हवा. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर, म्हणजे संस्थांच्या सरकारी यादीत, नाव सापडलं तर उत्तम, पण तिथे नाव असणं म्हणजे सरकारने कामाची हमी दिली असं नव्हे. क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे पाठवण्याआधी जे नाव झळकतं ते संस्थेचं हवं. तिथे एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा, कार्यकर्ता कितीही ओळखीचा असो.

सचिव: काका, ८०जी ची, म्हणजे आयकरात वजावट मिळवून देणारी देणगीची पावती मिळेल ना? दोघातिघांनी विचारलंय.

सी-५०३: नाही. खरेदी ही खरेदी आणि देणगी ही देणगी. २०० रुपये देऊन २०० चं पुस्तक घेतलं तर तुम्ही दिलं काहीच नाही, मोबदला घेतला. त्याचं बिल मिळतं. "बिल नको, देणगीची पावती द्या" असा आग्रह धरू नका, त्याने संस्थेचे हिशेब बिघडतात. विक्री हा तिच्या लेखी व्यवसाय आहे. त्याची वेगळी वही ठेवावी लागते, आणि काही प्रकारच्या संस्थांना अशा उत्पन्नावर कायद्याने मर्यादाही असते.

वेगळी देणगी द्यायची तर ती ज्याच्या त्याने आपल्या खात्यातून, आपला पॅन देऊन द्यावी. २,००० च्या वरची रोख चालत नाही. जुनी पुस्तकं, कपडे अशा वस्तूंच्या देणगीला वजावट नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांनी तर हा विषयच सोडून द्यावा, तिथे ही वजावट मिळत नाही. संस्थेची मान्यताही कायमची नसते, नूतनीकरण करावं लागतं, म्हणून प्रमाणपत्रावरची तारीख वाचा. आणि हो, सोसायटीच्या मेंटेनन्स खात्यातून यातला एक पैसाही नको. गणपतीच्या वर्गणीतून खरेदी, बिल सांस्कृतिक समितीच्या नावाने.

ए-४०३: जीएसटी?

सी-५०३: छापील पुस्तकांवर नाही. संस्थेकडे डायऱ्या असतात, त्यांवर १८ टक्के. एकाच बिलात दोन्ही असतील तर ओळी वेगळ्या करून मागा.

डी-६०२: न्यू जर्सीची लेक विचारतेय, लहान मुलांच्या बक्षिसांचे पैसे ती संस्थेला परस्पर पाठवू का? पासपोर्ट आता तिकडचाच आहे.

सी-५०३: वहिनी, मग ते परदेशी अंशदान धरलं जातं, मूळ भारतीय असली तरी. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरावीक खात्यातच यायला हवेत. भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासीने स्वतःच्या कमाईतून दिले तर ही अट नाही. वस्तूची किंमत म्हणून, नेहमीच्या व्यवहारात, बिलावर दिलेले पैसेही अंशदान नव्हेत. पण छोट्या संस्थेला या फंदात पाडू नका. तिला म्हणावं, इथल्या पोरांसाठी खाऊ पाठव.

डी-६०२: हाहा, सांगते. आणि पीटर पॅन चालेल का? त्याचे पैसे लंडनच्या मुलांच्या हॉस्पिटलला जातात म्हणे.

बी-२०४: जातात, पण कुठली प्रत त्यावर आहे. पीटर पॅनचे लेखक जे. एम. बॅरी यांनी १९२९ मध्ये हक्क ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलला दिले. ते १९३७ मध्ये वारले, तेव्हाच्या कायद्याने ब्रिटनमधली मुदत १९८७ मध्ये संपली. मग ब्रिटिश संसदेने १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात ३०१ वं कलम खास घालून हॉस्पिटलचा मानधनाचा हक्क कायम केला. पण तो ब्रिटनपुरताच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक मुक्त होतं, त्यामुळे इथे छापलेल्या प्रतीतून हॉस्पिटलला काही देणं लागत नाही. गोष्ट म्हणून खुशाल द्या, धर्मादाय म्हणून मोजू नका.

गांधीजींच्या आत्मकथेचंही तसंच. हक्क त्यांनी अहमदाबादच्या नवजीवन ट्रस्टला दिले होते. २००९ पासून ती कोणीही छापतं. मजकूर तोच, पण ट्रस्टच्या कामाला हातभार लावायचा तर पहिल्या पानांवर प्रकाशक "नवजीवन" हवं.

ए-४०३: मुलांनी हॅरी पॉटरवालं काहीतरी मागितलंय. त्यातली काही चॅरिटीसाठी होती ना?

बी-२०४: हो. २००१ ची दोन छोटी पुस्तकं कॉमिक रिलीफ या ब्रिटिश धर्मादाय संस्थेसाठी आणि २००८ चं "टेल्स ऑफ बीडल द बार्ड", आता लुमोस नावाने चालणाऱ्या संस्थेसाठी. पण नवी, अधिकृत प्रत घेतली तरच. जुन्या बाजारातल्या प्रतीतून काहीही जात नाही, कारण मानधन पहिल्या विक्रीलाच मिळतं. आणि फुटपाथवरची नकली प्रत म्हणजे लेखक, प्रकाशक, संस्था तिघांनाही ठेंगा. ओळखायची खूण: मुखपृष्ठाची अक्षरं कडेला पसरलेली, कण्यावरचं नाव एका बाजूला सरकलेलं, कागद करडा आणि पातळ, पुस्तक पूर्ण उघडलं की गोंद तडकून पानं सुटतात. मधली १६ पानं दोनदा लागलेली किंवा गायब, हेही सर्रास.

सचिव: एका संस्थेच्या पुस्तकाचं श्रेयपान (प्रकाशक, हक्क, किंमत छापलेलं पान) मागवलं होतं, फोटो टाकलाय. ताई, बघता का?

बी-२०४: बघितला. चांगलं आहे. "प्रकाशक" समोर न्यासाचंच नाव आणि नोंदणी क्रमांक. "सर्व हक्क" पण न्यासाकडे, म्हणजे लेखकाने हक्कच देऊन टाकलेत, वाट्याची भानगड नाही. मुद्रकाचं नाव-पत्ता आहे. "चौथी आवृत्ती" म्हणजे आधीच्या तीन खपल्यात. ९६ पानं, डेमी म्हणजे नेहमीच्या पुस्तकाचा आकार. मूल्य १८०. एकच खटकतं. मूल्यावर नवीन स्टिकर दिसतोय. खाली जुनी किंमत असणार. वाढवायला हरकत नाही, पण एक नमुना प्रत मागवून बघा. चौथी आवृत्ती दहा वर्षांपूर्वीची असली तर कडा पिवळ्या पडलेल्या असतात, आणि बक्षीस म्हणून ते बरं दिसत नाही. ६० प्रती शिल्लक आहेत का, हेही आधीच विचारा. छोट्या संस्थांकडे बऱ्याचदा तीसचाळीसच उरलेल्या असतात.

ए-४०३: चार वर्षांच्या पोराला ९६ पानं देणार?

बी-२०४: नाही. बालगटासाठी प्रथम बुक्स. बंगळूरचा ना-नफा न्यास, २००४ पासूनचा. मराठी आणि मराठी-इंग्रजी द्वैभाषिक चित्रपुस्तकं स्वस्तात मिळतात. तिथे "शिल्लक कुठे जाते" विचारण्यात अर्थ नाही, किंमत कमी ठेवणं हेच त्यांचं काम. त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी फुकट आहेत, परवाना असा की श्रेय देऊन कोणीही छापू शकतं.

ए-४०३: मग आपणच छापू की! कोपऱ्यावर डिजिटल प्रेस आहे.

बी-२०४: हौस असेल तर छाप. रंगीत डिजिटल प्रत तयार पुस्तकापेक्षा महाग पडते. मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत लागतात, नाहीतर शेवटी कोरी राहतात. आणि श्रेयाचं पान जागा वाचवायला उडवायचं नाही, परवान्याची अटच ती आहे.

सी-५०३: मोठ्यांच्या रांगोळी आणि पाककृती स्पर्धेला विनोबांची गीता प्रवचने द्या. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेली, साने गुरुजींनी उतरवून घेतलेली. पवनारचं परंधाम प्रकाशन काढतं, किंमत इतकी माफक की पैसे उरतील. साधना ट्रस्टचीही पुस्तकं बघा, साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाचाच तो न्यास.

डी-६०२: पाककृतीला गीता? काका, एखादं खायचं पुस्तक पण ठेवा हो.

सी-५०३: ठेवा. पण ते चॅरिटीच्या रकान्यात नको.

ए-४०३: एक शंका. दुकानातल्या प्रतीमागे वीसेक रुपयेच जाणार असतील तर सरळ १२,००० देणगी का नाही?

बी-२०४: बक्षिसं द्यायची नसती तर तेच केलं असतं. दुकानातून घेतलेल्या पुस्तकाला "मी दान केलं" म्हणण्यात फारसा दम नाही. पण ६० वस्तू आपल्याला घ्यायच्याच आहेत, तर त्यातला जास्तीत जास्त पैसा संस्थेकडे कसा वळेल एवढंच बघायचं.

सचिव: पुस्तकं आणायची कशी? संस्था विदर्भात आहे.

बी-२०४: ९६ पानी डेमी पुस्तक १२० ग्रॅमच्या आसपास भरतं. साठांचे सव्वासात किलो. टपाल खात्याची पुस्तकांसाठीची ज्ञान पोस्ट सेवा आहे, १ मे २०२५ पासून सुरू झालेली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, कर वेगळा. दोन पार्सलं केली तर दोनशेच्या आसपास भागतं. मासिकं आणि जाहिरातीचं साहित्य त्यात चालत नाही, पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. जमिनीवरून येतं, त्यामुळे किमान तीन आठवडे हातात ठेवा. भर पावसात येणार, म्हणून संस्थेला सांगा: दहा-दहाचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये, मग खोका. नुसत्या तपकिरी कागदात आलेली पुस्तकं ओल धरून फुगतात आणि इस्त्री करूनही सरळ होत नाहीत. खोका गेटवर फोडून मोजायचा, वेष्टणाचा फोटो ठेवायचा.

ए-४०३: बक्षिसाचं लेबल मुखपृष्ठावर लावू ना, फोटोत दिसेल?

बी-२०४: आत, पहिल्या कोऱ्या पानावर. साधा डिंक, कडेला बारीक पट्टी. सेलोटेप वर्षभरात पिवळी पडते आणि पान घेऊन निघते. सोसायटीचा शिक्का तर अजिबात नको, पानाआड उमटतो.

सचिव: ठीक. मग असं: बालगट २४, प्रथम बुक्स. मोठी मुलं २०, संस्थेचं १८० वालं, म्हणजे ३,६००, सूट न मागता, टपाल आपलं. मोठ्यांची १६, पवनार आणि साधना, त्यातली दोन वहिनींच्या आग्रहाखातर पाककृतीची. पैसे उरले तर संस्थेची आणखी पुस्तकं घेऊन आपल्या वाचनालयात. नमुना प्रत आजच मागवतो. ए-४०३, पार्सल मोजायला तुम्ही.

ए-४०३: चालेल. पण खोका चौथ्या मजल्यावर चढवायला लिफ्ट चालू ठेवा म्हणजे झालं.

सचिव: लिफ्टची चर्चा मेंटेनन्स ग्रुपवर, कृपया.