माऊस न वापरता एक्सेल: दोन ठिकाणी गाडी अडलीये, मदत हवी

नमस्कार मंडळी. तुर्भ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलिंग करते. मनगट दुखतंय म्हणून डॉक्टरांनी माऊस बंद करायला सांगितलाय.

बरंचसं जमतंय. कंट्रोल आणि बाणाने थेट डेटाच्या टोकाला जाते, शिफ्ट-स्पेसने अख्खी रो निवडून कंट्रोल-मायनसने उडवते, कंट्रोल-सेमीकोलनने आजची तारीख टाकते. सेलमधलं दुरुस्त करायला एफ२ दाबलं की लॅपटॉपचा आवाजच कमी व्हायचा, तेही एफएन सोबत दाबून सुटलं.

अडतंय ते असं. कंट्रोल-शिफ्ट-एलने फिल्टर लागतो, ऑल्ट आणि खालच्या बाणाने यादीही उघडते. पण पार्ट्यांची नावं ढीगभर! एकेक टिक काढत खाली जायचं म्हणजे माऊस बरा. थेट नाव टाइप करून तेवढंच निवडता येतं का?

दुसरं, गाडी नंबरचा कॉलम तारखेच्या आधी आणायचाय. कट करून पेस्ट केलं तर तारखांवरच बसतो. मधे कसा घुसवायचा?

ऑफिसला विंडोजवर एक्सेल २०१६ आहे. मॅक्रो (शीटमध्ये आपोआप चालणारा कोड) नको, शीट साहेबांकडेही जाते आणि मॅक्रो दिसला की ते घाबरतात. ठाणे-नवी मुंबईत कुणी समोर बसून शिकवत असेल तर तेही सांगा, शनिवारी येऊ शकते.