मदत हवी आहे: परदेशी आरोग्य मदतीत आधी काय?

एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) सेमिनारसाठी आफ्रिकेतला मलावी हा देश घेतलाय. २००२ मध्ये ग्लोबल फंड (एड्स, टीबी, मलेरियाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय निधी) आला, २००३ मध्ये अमेरिकेचा पेपफार हा एड्सविरुद्धचा मदत कार्यक्रम. एचआयव्हीची औषधं गावोगाव पोचली, असंख्य जीव वाचले, यात वादच नाही. पण पैसा एकाच आजाराच्या नावावर आला की बाळंतपणासाठी नर्स कुठून आणायची? त्यात जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. मला तरी आधी नर्स आणि आरोग्यसेवकांचे पगार महत्त्वाचे वाटतात. सर म्हणतात, "मोजून दाखव." (त्यांचं नेहमीचंच!) लस किंवा मच्छरदाणीमागे किती आयुष्यवर्षं वाचली हे मांडता येतं, पगाराचा हिशेब कसा मांडायचा? आणि प्राधान्यक्रम ठरवायचा कुणी, पैसे देणाऱ्याने की तिथल्या आरोग्य मंत्रालयाने? आफ्रिकेत काम केलेलं कुणी आहे का इथे?