कर कोणाच्या राज्यात जास्त? अमेरिकन अध्यक्षांची तुलना करताना नेमका आकडा कोणता धरायचा?

उंबरठा:
आमच्या न्यू जर्सीच्या ग्रुपवर पुन्हा तीच हाणामारी सुरू आहे. एक बाजू म्हणते, ट्रम्पने कर कमी केला आणि बायडेनने वाढवला. दुसरी म्हणते, कपात फक्त श्रीमंतांची झाली, आयझेनहॉवरच्या वेळी तर ९१ टक्के दर होता. पुरावा म्हणून दोघेही रिफंडचे आकडे नाचवतात. नवरा-बायको, दोन मुलं (वय ६ ते १६ मधली), पगार १ लाख डॉलर असं उदाहरण घेऊन कोणी हिशेब मांडेल का? फक्त फेडरल इन्कम टॅक्स. राजकीय मतं नकोत, ती ग्रुपवर पोत्याने पडली आहेत.

बेरीज-वजाबाकी:
रिफंड आधी बाजूला ठेवा. तो वर्षभरात जास्तीचा कापून घेतलेला पैसा, कर नव्हे. फेब्रुवारी २०१८ पासून विथहोल्डिंगचे (पगारातून आगाऊ कर कापण्याचे) नवे तक्ते लागू झाले आणि प्रत्येक पगारातून कमी कापलं जाऊ लागलं. पुढच्या वर्षी काहींचा रिफंड आटला आणि कर उतरलेला असूनही 'कर वाढला' अशी ओरड झाली. बघायची ती 'टोटल टॅक्स'ची ओळ. फॉर्म १०४० वर (वार्षिक रिटर्नवर) ती २०१७ ला ६३ वी, २०१८ ला १५ वी, २०१९ ला १६ वी आणि २०२० पासून २४ वी आहे.

आता तुमचं कुटुंब, घर भाड्याचं धरून.

२०१७ (जुना कायदा): स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून वजा होणारी ठरलेली रक्कम) १२,७००, चौघांचं एक्झेम्प्शन (माणशी वजावट) प्रत्येकी ४,०५० म्हणजे १६,२००. करपात्र रक्कम ७१,१००. पहिल्या १८,६५० वर १०%, उरलेल्यावर १५%, मिळून ९,७३२.५०. दोन मुलांचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट (थेट करातून मिळणारी सूट) २,००० वजा केलं की ७,७३२.५०.

२०१८ (ट्रम्पचा कायदा): डिडक्शन २४,०००, पण एक्झेम्प्शन शून्य. करपात्र ७६,०००, म्हणजे उलट वाढली. पहिल्या १९,०५० वर १०%, पुढे १२%, मिळून ८,७३९. क्रेडिट आता ४,०००. कर ४,७३९. तेव्हा 'फक्त श्रीमंतांची कपात' हे या घराला लागू पडत नाही.

बायडेनच्या चारही वर्षांत दर तेच राहिले, १० ते ३७ टक्के; डिडक्शन आणि टप्पे तेवढे महागाईप्रमाणे सरकले. २०२१ ला एका वर्षापुरतं क्रेडिट या वयाच्या मुलांसाठी ३,००० झालं, त्यामुळे क्रेडिट वजा जाता कर २,५९० (त्या वर्षापुरतं ते 'टोटल टॅक्स'च्या ओळीनंतर वजा व्हायचं). २०२२ ला क्रेडिट परत २,००० वर आलं आणि कर ४,४८१. 'बायडेनने वाढवला' ही ओरड बरीचशी इथून येते. मुदत संपली, वाढीचा कायदा काही झाला नाही.

आणि पे-स्टबवरचे (पगारपत्रकावरचे) सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५%, म्हणजे ७,६५०, २०१७ ला तेवढेच आणि २०१८ लाही तेवढेच. २०१८ पासून या घराचा मोठा कर खरं तर तोच, त्यावर कोणी भांडत नाही.

आडवाट:
हिशेब बरोबर आहे, पण त्यात मुलांना सोशल सिक्युरिटी नंबर आहे असं धरलंय. भारतातून एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आलेल्या मुलांना सहसा तो नसतो, आयटिन (करखात्याने दिलेला वेगळा क्रमांक) असतो. २०१७ पर्यंत अशा मुलांनाही १,००० चं क्रेडिट मिळायचं. २०१८ पासून ते बंद, त्याऐवजी फक्त ५०० चं 'अदर डिपेंडंट' क्रेडिट. म्हणजे ८,७३९ वजा १,००० = ७,७३९. आधीपेक्षा साडेसहा डॉलर जास्त! २०२१ चं वाढीव क्रेडिटही त्यांना नाही. तुमच्या ग्रुपवर एकाच पगाराची दोन घरं तावातावाने भांडत असतील, तर दोघंही आपापल्या रिटर्नपुरती खरं बोलत असतील.

जुनी वही:
९१ टक्क्यांबद्दल. तो दर जोडप्याच्या ४ लाख डॉलरच्या वरच्या करपात्र उत्पन्नावर होता, तेही पन्नाशीच्या दशकातले ४ लाख. शिवाय दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर कमाल २५% च. वरचा दर १९६५ ला ७०, १९८२ ला ५०, १९८८ ला २८ झाला. पण रीगनच्या ज्या १९८६ च्या कायद्याने २८ केला, त्यानेच भांडवली नफ्यावरचा कमाल दर २० वरून २८ वर नेला. हे प्रचारात सांगायला दोन्ही बाजूंना गैरसोयीचं.

कार्टरचं उदाहरण त्याहून बोलकं. वरचा दर पूर्णवेळ ७०% च राहिला, पण टप्पे महागाईशी बांधलेले नव्हते. पगार महागाईबरोबर वाढला की माणूस वरच्या टप्प्यात ढकलला जायचा. टप्प्यांची महागाईशी सांगड १९८५ पासून लागली, १९८१ च्या कायद्याने. म्हणून १९७९ आणि १९८९ ची तुलना करताना आधी दोन्ही पगार एकाच वर्षाच्या डॉलरमध्ये आणा, नाहीतर आकडे कुठेही नेता येतात.

उंबरठा:
धन्यवाद. आणि इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये स्वतःचं घर असेल तर?

बेरीज-वजाबाकी:
समजा प्रॉपर्टी टॅक्स ११,०००, राज्याचा कर ३,०००, गृहकर्जाचं व्याज १२,०००. २०१७ ला स्टँडर्ड डिडक्शनऐवजी हे सगळे २६,००० वजा व्हायचे. करपात्र ५७,८००, क्रेडिटनंतर कर ५,७३७.५०. २०१८ ला पहिल्या दोन रकमांवर १०,००० ची मर्यादा आली, बेरीज २२,००० वर. ती २४,००० पेक्षा कमी, म्हणून स्टँडर्डच घ्यायचं आणि कर पुन्हा ४,७३९. कपात ९९८.५०, भाडेकरूच्या तुलनेत एक तृतीयांश.

हेच घर, पण दोन्ही मुलं आयटिनवाली: ५,७३७.५० वरून ७,७३९. या घराचा कर ट्रम्पच्या कायद्याने २,००१.५० ने वाढला.