हिमनग, हिमखंड की सागरी बर्फ?

प्रश्न: टायटॅनिक बुडाल्यानंतर उत्तर अटलांटिकमधल्या बर्फावर नजर ठेवायला जी जहाजं पाठवली गेली, त्यांच्यावर मराठीत लेख लिहिते आहे. ‘आइसबर्ग’ला हिमनग आणि ‘सी आइस’ला हिमखंड लिहिलं तर चालेल का? आणि त्या जहाजांचं काम ही मोहीम म्हणायची की गस्त?

प्रतिसाद: हिमनग घ्याच, पण सी आइसला हिमखंड नको, सागरी बर्फ म्हणा. वर्तमानपत्रं हिमनगालाही सर्रास हिमखंड म्हणतात, त्यामुळे वाचकाला दोन्ही एकच वाटतील. त्यांचा जन्मच वेगळा. हिमनग हा जमिनीवरच्या हिमनदीचा तुटून समुद्रात पडलेला भाग, म्हणजे गोडं पाणी. अटलांटिकच्या जहाजमार्गावर येणारे बहुतेक हिमनग पश्चिम ग्रीनलंडच्या हिमनद्यांपासून सुटतात आणि लॅब्रॅडोर या थंड सागरी प्रवाहाबरोबर कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रापर्यंत उतरतात. सागरी बर्फ म्हणजे समुद्राचंच खारं पाणी, उणे १.८ अंश सेल्सियसच्या आसपास गोठलेलं.

खलाशी हा फरक काटेकोरपणे पाळत. १४ एप्रिल १९१२ रोजी ‘मेसाबा’ जहाजाने टायटॅनिकला पाठवलेल्या बिनतारी संदेशात पॅक आइस (दाटीने तरंगणारे बर्फाचे तुकडे), मोठे हिमनग आणि फील्ड आइस (सागरी बर्फाचे विस्तीर्ण पट्टे) अशी तीन नावं वेगवेगळी आहेत. लेखात तिन्हींना ‘बर्फ’ म्हटलंत तर त्या इशाऱ्याचं गांभीर्यच जाईल. पॅक आइससाठी मला ‘लाद्यांचा बर्फ’ आवडेल. बर्फाची लादी मासळीबाजारात जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली असते, आणि दाटीने तरंगणारे सपाट तुकडे त्या शब्दाने लगेच डोळ्यांपुढे येतात.

मोहीम आणि गस्त, दोन्ही शब्द लागतील, पण वेगवेगळ्या जहाजांना. १९१३ मध्ये ब्रिटनचं बोर्ड ऑफ ट्रेड (व्यापार खातं) आणि जहाज कंपन्यांनी मिळून ‘स्कोशिया’ हे जुनं व्हेल-शिकारी जहाज पाठवलं. बर्फाची खबर बिनतारी यंत्राने इतर जहाजांना देणं हे तिचं काम होतंच, पण सोबत शास्त्रज्ञही होते. त्यांतले जी. आय. टेलर पतंगांना उपकरणं बांधून समुद्रावरच्या हवेचं तापमान आणि आर्द्रता मोजत. ग्रँड बँक्सवरचं धुकं कसं धरतं हे त्यांना शोधायचं होतं, कारण धुक्यात हिमनग दिसत नाही. हवेतल्या भोवऱ्यांमधून उष्णता वर-खाली कशी जाते, यावरचा त्यांचा १९१५ चा गाजलेला निबंध याच नोंदींतून आला. ही निःसंशय मोहीम. त्याच वर्षी अमेरिकेची ‘सेनेका’ आणि ‘मायामी’ ही जहाजं हिमनगांचा माग काढत फिरत होती, ती गस्त. जानेवारी १९१४ मध्ये लंडनला झालेल्या सागरी सुरक्षेच्या करारानंतर ती आंतरराष्ट्रीय झाली, म्हणून ‘आंतरराष्ट्रीय हिमगस्त’ लिहा.

शंका: पण नग म्हणजे ‘न गच्छति’, जागचा हलत नाही तो. वाहत जाणाऱ्या बर्फाला हा शब्द कसा?

प्रतिसाद: व्युत्पत्ती बरोबर आहे. तरी आज वाचक नग म्हणजे पर्वत एवढाच अर्थ घेतो, आणि ‘हिमनगाचं टोक’ भाषेत पुरतं मुरलं आहे. तो बदलू नये. अडचण खरी आहे ती ग्रोलरची. पाण्यावर एक मीटरहूनही कमी दिसणारा हा तुकडा लाटांमध्ये रडारलाही चुकवतो, आणि त्याला मराठीत रुळलेला शब्द नाही. ‘छोटा हिमनग’ लिहिलं तर धोकाही छोटा वाटेल. ग्रोलरच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून सांगा.