शब्दचर्चा : 'अनुस्फुरण' आणि 'शमन'

प्रश्न : प्रथिनसंकुलांवरील (प्रथिन दुसऱ्या रेणूशी बांधले जाऊन बनणाऱ्या जोडण्यांवरील) एका लेखात 'फ्लुओरेसन्स'साठी 'चमक' आणि 'क्वेंचिंग'साठी 'विझणे' असे शब्द योजले आहेत. ते योग्य वाटतात का?

उत्तर : 'चमक' नको, कारण ती नुसत्या परावर्तनानेही येते. येथे रेणू प्रकाश शोषून घेतो आणि काही नॅनोसेकंदांत अधिक तरंगलांबीचा प्रकाश स्वतः उत्सर्जित करतो. 'अनुस्फुरण' आणि 'प्रतिदीप्ती' हे दोन्ही शब्द वापरात आहेत. एका लेखात एकच धरावा, एवढेच. 'स्फुरदीप्ती' (फॉस्फोरेसन्स) मात्र यांचा पर्याय नव्हे, कारण त्या प्रक्रियेत उत्सर्जन बरेच लांबते.

संकुलांच्या अभ्यासात 'नीलविस्थापन' (ब्लू शिफ्ट) हा शब्दही लागतो. २९५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकल्यास प्रथिनातील टायरोसीन हे अमिनो आम्ल जवळजवळ शोषण करत नाही, त्यामुळे मिळणारे अनुस्फुरण मुख्यतः ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लाचे असते. पाण्याच्या संपर्कातील ट्रिप्टोफॅनचे शिखर ३५० नॅनोमीटरच्या आसपास येते. दुसरे प्रथिन येऊन बिलगले आणि ते अमिनो आम्ल पाण्यापासून झाकले गेले, तर शिखर कमी तरंगलांबीकडे सरकते. यात डोळ्यांना निळे असे काहीच दिसत नाही, कारण ही शिखरे जंबुपार पट्ट्यातच असतात. शब्द फक्त दिशा सांगतो.

दुसरे उत्तर : 'विझणे'ला माझा आक्षेप अधिक आहे, कारण त्यातून ट्रिप्टोफॅनच निकामी झाले असा समज होतो. दुसऱ्या पदार्थामुळे अनुस्फुरण मंदावते, त्यासाठी 'शमन' बरा, पण तोही सरसकट वापरू नये. द्रावणात मिसळलेला पदार्थ स्वतःच उद्दीपनाचा (म्हणजे टाकलेला) किंवा उत्सर्जित प्रकाश शोषत असेल, तरी नोंदलेली तीव्रता घटते, आणि त्याला शमन म्हणणे चूक आहे. या शोषणामुळे आलेल्या घटीची दुरुस्ती आकडेमोडीत होईपर्यंत 'तीव्रता घटली' असेच लिहावे.

शमन सिद्ध झाल्यावरही 'गतिक' की 'स्थितिक' हे सांगायलाच हवे, आणि नेमकी हीच विशेषणे लेखांतून गळतात. गतिक शमनात आयोडाइड किंवा अॅक्रिलामाइडसारखा शमक (शमन करणारा पदार्थ) प्रकाश शोषून उद्दीपित झालेल्या ट्रिप्टोफॅनवर आदळतो आणि उद्दीपित अवस्थेचा आयुःकाल घटतो. स्थितिक शमनात शमक आधीच बांधला गेलेला असतो, त्यामुळे जे रेणू मोकळे राहतात त्यांचा आयुःकाल तोच राहतो. शमकाच्या प्रमाणानुसार तीव्रता कशी घटते हे दाखवणारा स्टर्न-फोल्मर आलेख दोन्हींत सरळ रेषेत येऊ शकतो, म्हणून केवळ त्या रेषेवरून 'संकुल बनले' असे विधान करता येत नाही. मानवी रक्तद्रवातील अल्ब्युमिनमध्ये ट्रिप्टोफॅन एकच, २१४ व्या स्थानी असल्याने तेथे निदान कोणते ट्रिप्टोफॅन, हा प्रश्न उरत नाही. गोवंशीय अल्ब्युमिनमध्ये ती दोन आहेत, तेव्हा तेथे 'ट्रिप्टोफॅनचे शमन' असे एकवचनी लिहून भागणार नाही.