ब्रह्मसूत्रं मराठीतून वाचायचीत, भाषांतर सुचवा

तापीकाठ (भुसावळ):
राम राम मंडळी. आमच्या वाचनगटाची गीता झाली, आता ब्रह्मसूत्रं, म्हणजे वेदान्ताची छोटी छोटी संस्कृत सूत्रं, घेतोय. दोन भाषांतरं आणली, तर एकाच सूत्राचा अर्थ दोन्हीकडे वेगळा. संस्कृत शाळेतलं तेवढंच. भाष्याची, म्हणजे आचार्यांच्या विवरणाची, भानगड नसलेलं, नुसत्या सूत्रांचं भाषांतर आहे का?

अमळनेरकर:
भाऊ, भाष्याविना सूत्रं घेऊच नका. १.१.५ काढा: 'ईक्षतेर्नाशब्दम्', शब्दशः 'पाहतं म्हणून, अशब्द नव्हे'. संपलं सूत्र. कोण पाहतं, कोणाचं म्हणणं खोडलंय, काही सांगितलेलं नाही. शंकराचार्य म्हणतात, सांख्य दर्शनवाल्यांचं प्रधान (जड मूळ प्रकृती) जगाचं कारण नव्हे, त्याला श्रुतीचा (वेदांचा) आधार नाही. छांदोग्य उपनिषदात जगाचं कारण 'पाहतं' असं आलंय, जड प्रधान पाहणार कसं? मध्वाचार्य त्याच सूत्रातून काढतात की ब्रह्म शब्दांनी सांगता येतं. तुमच्या भाषांतरकारांनी वेगवेगळे आचार्य धरले असतील. प्रस्तावना बघा. कोणतं भाष्य धरलंय ते लिहिलेलं नसेल तर पुस्तक बाजूला ठेवा.

चोपड्याची वाचक:
मला त्याहून काळजी पूर्वपक्षाची वाटते. भाष्यकार विरोधकाचं म्हणणं आधी मांडतो, तेही चांगलं ठासून, मग खोडतो. पोथीत अवतरणचिन्हं नसतात. 'ननु' (पण असं नाही का), 'इति चेत्' (असं म्हणाल तर) एवढ्याच खुणा. मराठीत त्या गळल्या की विरोधकाचं वाक्य आचार्यांच्या नावावर जातं आणि तसंच व्हॉट्सॲपवर फिरतं. फार वाईट वाटतं हो! पेन्सिल हाताशी ठेवा, पूर्वपक्ष दिसला की समासात रेघ ओढा. संज्ञा अडली तर वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान-महाकोश बघा. झळकीकरांचा न्यायकोश उत्तम, पण सगळा संस्कृतात.

अमळनेरकर:
ताई बरोबर बोलल्या. अजून एक, आधी सांख्यकारिका हा सांख्यांचाच ग्रंथ वाचा. सत्तरच्या आसपास कारिका (श्लोक) आहेत. ब्रह्मसूत्रांचं भांडण बरंचसं सांख्यांशी, त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकलेली बरी. आणि एकदा गटाला घेऊन अमळनेरला या. १९१६ साली प्रताप शेठजींनी इथं तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, खान्देशातल्या वाचकानं ते पाहायलाच हवं. सुरत लाइनची गाडी सरळ आणून सोडते.

तापीकाठ:
प्रस्तावना पाहिल्या. एकात शांकरभाष्य धरल्याचं स्पष्ट लिहिलंय, दुसऱ्यात काहीच नाही. पहिलं ठेवतो. सांख्यकारिकेला टीका कोणती, गौडपादांची की वाचस्पतींची तत्त्वकौमुदी?

चोपड्याची वाचक:
गौडपाद. आटोपशीर आहे. कौमुदी दुसऱ्या फेरीला, तिच्यात वादविवाद भरपूर आहेत. तोवर पेन्सिलीची सवय झालेली असेल.